कुत्र्यामुळं कुणी आत येत नाही

आमच्याकडं कुत्रा आला तो चोरांच्या भीतीनं. धाराशिवात येडशीकडं जाणाऱ्या रस्त्याला नवी प्लॉटिंग पडली, तिथं आम्ही घर बांधलं. तेव्हा दोन्ही बाजूंचे प्लॉट मोकळेच होते, वेड्या बाभळीनं भरलेले. मी येडशीच्या शाळेत शिक्षिका, नवरा सरकारी कचेरीत कारकून. सकाळी आम्ही बाहेर पडलो की दिवसभर घरात सासूबाई एकट्या. कॉलनीत एका घराचं कुलूप तुटलं, आणि त्याच आठवड्यात नवऱ्यानं येरमाळ्याहून येताना हायवेवरच्या एका चहाच्या हॉटेलातून पिल्लू उचलून आणलं. तांबूस अंगाचं, पोटाला पांढरं. वर्षभरात ते एवढं वाढलं की फाटकावर पुढचे पाय टाकून उभं राहिलं की बाहेरच्या माणसाच्या छातीला लागायचं.

तो सगळ्यांवर भुंकायचा. भेदभाव अजिबात नव्हता. दूधवाला, गॅसवाला, मीटरचं रीडिंग घेणारा, कुरिअरवाला, गणपतीची वर्गणी मागायला आलेली मंडळी, सगळ्यांना एकच न्याय. फाटकाची कडी वाजली की अंगणाच्या कुठल्याही कोपऱ्यातून सुटायचा आणि घसा बसेपर्यंत भुंकायचा. चावला कुणालाच नाही. पण फाटकाबाहेर उभ्या माणसाला ते कसं पटावं?

सासूबाईंना मी आत्या म्हणते. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचा जन्म गेला. सासरे वारल्यावर त्या आमच्याकडं आल्या. गावात आमची वस्ती म्हणजे एकमेकांना टेकलेली घरं. दिवसा कुणाचं दार लागत नाही. कुणी मीठ मागायला येतं, कुणी नुसतंच येऊन भिंतीला पाठ लावून बसतं, कुणी सुनेची तक्रार सांगून रडून जातं. अशा बाईला आम्ही तीन खोल्यांच्या, फरशी घातलेल्या, जाळीची खिडकी असलेल्या घरात आणून बसवलं. पहिले काही महिने त्या खिडकीशी बसून रस्त्यानं कोण कुठं जातं ते बघायच्या आणि संध्याकाळी मला सांगायच्या.

घराच्या प्रवेशाला आम्ही सगळ्या कॉलनीला बोलावलं होतं. तोवर आम्ही कोण हे बहुतेकांना माहीत नसावं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. प्लॉट घेतला तेव्हा एकदोघांनी गाव कुठलं, पाहुणे कुठले, असं फिरवून फिरवून विचारलं होतं. प्रवेशाच्या दिवशी भंतेजी आले, पंचशील झालं, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लागल्या, तेव्हा विचारायचं कुणाला काही उरलं नाही. लोक आले. रस्त्यावर घातलेल्या मांडवात खुर्च्यांवर बसले, घर छान बांधलंय म्हणाले. जेवायला मात्र कुणाला उपास निघाला, कुणाला ॲसिडिटी, कुणाला दुसरीकडं जायचं होतं. भाताची पातेली जवळजवळ तशीच राहिली. आत्यांनी तो भात गावाकडच्या पाहुण्यांबरोबर डबे भरभरून पाठवला आणि म्हणाल्या, "नवे लोक हायेत. वळख झाली की येतील."

मग कुत्रा आला, आणि लोकांना एक चांगलं कारण मिळालं.

आमच्या समोरच्या घरात कोर्टातल्या एका कारकुनाचं कुटुंब राहतं. नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि म्हातारी सासू. त्या बाईंना मी वहिनी म्हणते, त्या मला मॅडम म्हणतात. बोलायला गोड. फाटकाशी उभ्या राहून अर्धा अर्धा तास बोलायच्या, पाण्याचा टँकर कधी येणार इथपासून मुलीच्या परीक्षेपर्यंत. आत या म्हटलं की हसून म्हणायच्या, "तुमचं कुत्रं आहे ना. लई भ्या वाटतंय बाई त्याचं." हळूहळू कॉलनीतल्या सगळ्याच बायका तसं म्हणायला लागल्या. कुणाकडं हरभऱ्याची भाजी जास्त झाली की फाटकाच्या वर पिशवी अडकवून जायच्या. कुणाला शाळेच्या दाखल्याबद्दल विचारायचं असेल तर रस्त्यावरूनच विचारायच्या. आत्या आतून हाका मारायच्या, या की, बसा की. उत्तर ठरलेलं.

आत्यांनी सगळा राग कुत्र्यावर काढला. लोक येत नाहीत ते याच्यामुळं, असं त्यांनी मनात पक्कं धरलं. तो भुंकायला लागला की त्या खराटा घेऊन धावायच्या, पाठीत घालायच्या. तो कुईं करून पायरीखाली शिरायचा, आणि पुढची कडी वाजली की पुन्हा फाटकावर. नवऱ्याला त्या रोज म्हणायच्या, ह्याला जिथून आणलं तिथं सोडून ये. नवरा हो हो म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी मीच कुत्र्याला स्कूटीच्या पुढं बसवून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी आधी मलाच विचारलं, तो भुंकतो तेव्हा तुम्ही काय करता. मी म्हटलं, ओरडतो, मारतो. ते म्हणाले, तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं घरची माणसंही आपल्याबरोबर भुंकतायत. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. दूधवाला, कुरिअरवाला हे लोक काम झालं की जाणारच असतात. पण कुत्र्याला वाटतं, मी भुंकलो म्हणून गेले. रोज त्याचा विजय होतो. त्याला दिसायला पाहिजे की आलेला माणूस जात नाही, आत येतो, बसतो, घरचे त्याच्याशी हसून बोलतात. कडी वाजली की त्याला एक ठरलेली जागा द्या, तिथं बसला की खायला द्या. येणाऱ्यांनाही सांगा, त्यांच्या हातानं एखादा तुकडा टाका. आणि शेवटी म्हणाले, "मुख्य म्हणजे घरात माणसं येत राहिली पाहिजेत."

हे शेवटचं औषध आमच्याकडं नव्हतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

आत्यांना सगळं समजावलं तेव्हा त्यांनी खराटा ठेवून दिला आणि म्हणाल्या, "मग म्याच व्हते पाव्हणी." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खरोखर ते सुरू केलं. अंगणाच्या कोपऱ्यात आम्ही गोणपाट टाकलं, ती त्याची जागा. मी शाळेतून आले की आत्या चपला घालायच्या, पदर नीट करायच्या, मागच्या दारानं बाहेर पडून मोकळ्या प्लॉटमधून फिरून रस्त्यावर यायच्या आणि फाटकाची कडी वाजवायच्या. "हायेत का कुणी घरात?" असं आवाज बदलून विचारायच्या. तो आधी चक्रावला. वास ओळखीचा, बाई ओळखीची, तरी कडी वाजली म्हणून भुंकायचा. मी त्याला गोणपाटावर न्यायची, बसला की दुधात बुडवलेला भाकरीचा तुकडा द्यायची. मग मी आत्यांना म्हणायची, या, बसा, कसं काय येणं केलं. आत्या ओट्यावर बसायच्या. मी पाणी आणायची. त्या सगळी चौकशी करायच्या, शाळेतली पोरं कशी आहेत, तब्येत कशी आहे, घर फार चांगलं बांधलंय हो तुम्ही. आम्ही दोघी हसायचो. एकदा मी खरोखरचा चहा केला, तर म्हणाल्या, "साखर कमी हाय, पण पाव्हण्यानं बोलू न्हाय."

त्या खेळाची त्यांना किती गोडी लागली होती हे मला तेव्हा दिसत होतं. बघवत नव्हतं, तरी खेळत होते.

शाळेतल्या दोन मैत्रिणींना मी रविवारी मुद्दाम बोलावलं. गावाहून दीर-जाऊ येऊन गेले. सगळ्यांना आम्ही फाटकातच तुकडा द्यायचो, टाका म्हणायचो. पावसाळा संपेपर्यंत कुत्रा बराच निवळला. कडी वाजली की एकदोनदा भुंकायचा आणि आपणहून गोणपाटावर जाऊन बसायचा, तोंड उघडं ठेवून, माझ्या हाताकडं बघत. मीटरवाल्यानं विचारलं, हाच का तो कुत्रा? आत्यांनी त्याला बसवून चहा पाजला, आणि मी घरी आल्यावर, मीटरवाला आपल्या घरात बसून गेला, हे मला दोनदा सांगितलं.

समोरच्या वहिनींनाही आत्यांनी गळ घातली. म्हणाल्या, तुमी जाता-येता त्याला एखादा तुकडा टाकत जावा, तुमची वळख पटंल, मग भ्या न्हाय. वहिनी आनंदानं तयार झाल्या. रोज संध्याकाळी त्या फाटकाशी यायच्या, पदराखालून शिळी पोळी काढून टाकायच्या, त्याच्याशी लाडानं बोलायच्या. थोड्याच दिवसांत तो त्यांच्या चपलांचा आवाज ओळखायला लागला. त्या दिसल्या की भुंकायचं सोडून शेपटी हलवत फाटकाशी उभा राहायचा. आत्यांना वाटलं, आता काम झालं.

दिवाळीत वहिनींनी फराळाचा डबा पाठवला होता. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. आम्ही आवडीनं खाल्ला. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून, सुट्टी संपून माझी शाळा सुरू झाल्यावर, आत्यांनी शेंगाच्या पोळ्या केल्या. आमच्याकडं शेंगदाण्याचं कूट आणि गूळ घालून त्या करतात, आणि आत्या वरून तीळ दाबतात, तसं दुसरं कुणी करताना मी पाहिलं नाही. सकाळपासून चुलाण्यापुढं बसाव्यात तशा त्या गॅसपुढं बसल्या होत्या. पोळ्या कागदावर गार करून डब्यात भरल्या आणि स्वतः जाऊन फाटकाशी देऊन आल्या. वहिनींनी दोन्ही हातांनी डबा घेतला. म्हणाल्या, आजी, कशाला एवढा त्रास घेतला.

त्याच दिवशी संध्याकाळी आत्या गच्चीवर वाळवलेली तूर गोळा करत होत्या. वहिनी रोजच्यासारख्या आमच्या फाटकाशी आल्या. हातात वर्तमानपत्राचा पुडा होता. पुडा सोडून त्यांनी एकेक पोळी मोडून कुत्र्यापुढं टाकली. हळू बोलत होत्या त्याच्याशी, खा रे राजा, खा. वर कुणी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पुडा रिकामा झाला तसा कागदाचा बोळा करून त्यांनी बाभळीत फेकला आणि हात झटकून घरी गेल्या.

मी शाळेतून आले तेव्हा आत्या ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात ताटली, ताटलीत पोळीचा एक तुकडा. कुंडीमागं गेलेला म्हणून कुत्र्याच्या तोंडातून वाचलेला. त्यावर तीळ होते. मी विचारण्याआधीच त्यांनी सगळं सांगितलं, काही न वाढवता, कुणाला नावं न ठेवता. नवरा आला, त्यानंही ऐकलं. त्यानं चपला काढता काढता म्हटलं, त्यांना शुगर असेल.

"सगळ्या घराला शुगर हाय व्हय?" आत्या म्हणाल्या.

त्यानं चपला कोपऱ्यात सारल्या. आम्हा दोघांना ते प्रवेशाच्या दिवसापासूनच कळलेलं होतं. मला शाळेत, कॉलेजात, भाड्याची खोली शोधताना, स्टाफरूममध्ये डबे उघडताना ते इतक्या वेळा कळलंय की कळण्यासारखं त्यात नवं काही नाही. पण कुत्र्याचं कारण आम्हालाही सोयीचं होतं. कुत्र्याला निदान शिकवता येत होतं. त्यासाठी आम्ही सगळा पावसाळा घालवला.

मी ते तिथंच सोडून द्यायला हवं होतं असं नवरा म्हणतो. मला ते सोडवलं नाही. पुढच्या रविवारी वहिनी फाटकाशी आल्या तेव्हा मी पुढं होऊन कडी काढली आणि फाटक सताड उघडलं. कुत्रा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्यांनी वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कानामागं खाजवलं.

मी म्हटलं, "वहिनी, आता तरी आत या. चहा ठेवते."

"नको हो मॅडम, नंतर कधीतरी."

"कुत्र्याचं म्हणत होतात ना तुम्ही? आता तर तो तुमच्या हातचं खातो."

त्यांचा हात कुत्र्याच्या मानेवरच होता. त्या म्हणाल्या, "कुत्र्याची कसली भीती आता. गरीब आहे बिचारा." मग मागं आपल्या घराकडं एकदा बघून, आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना चालत नाही. मी नाही मानत तसलं काही, खरंच. पण घरात रोजची कटकट नको वाटते. तुम्ही शिकलेल्या आहात मॅडम, तुम्ही समजून घ्याल."

त्यांनी ते अगदी मैत्रिणीला सांगावं तसं सांगितलं. आपली अडचण मला सांगून त्यांना मोकळं वाटलं असावं, कारण जाताना त्या हसल्या. मी फाटक लावलं. समजून घ्याल, हे मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते सगळे चांगले लोक होते. वाईट लोकांना आम्ही काही समजून घ्यावं अशी गरज पडत नाही.

आत्या दाराच्या आत, भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "त्या मुक्या जिवाला म्या उगंच मारलं." मग आत जाऊन भांडी घासायला लागल्या.

त्यानंतर आत्यांनी खिडकीशी बसणं सोडलं. कडी वाजली तरी उठून बघायच्या नाहीत. कुत्रा गोणपाटावर जाऊन बसायचा, खायला कोण देतं म्हणून वाट बघायचा, आणि कुणी आलं नाही की उठून जायचा. वहिनी तुकडे घेऊन येतच राहिल्या, त्यांच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. आत्या त्यांना कधी उलट शब्द बोलल्या नाहीत. मला वाटायचं बोलावं. मला स्वतःलाही बोलायचं होतं, वाक्यं जुळवत मी येडशीच्या बसमध्ये बसायची आणि उतरायच्या आत ती विझून जायची. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना घ्यायची, प्रतिज्ञा म्हणून घ्यायची, सारे भारतीय माझे बांधव आहेत. मुलं जोरात म्हणायची. मीही म्हणायची.

संक्रांतीच्या आधी आत्यांनी गावाला जायचं काढलं. नवऱ्यानं खूप समजावलं. तिकडं दवाखाना नाही, गुडघ्यांचा त्रास आहे, थंडी आहे. त्यांचं एकच, "मला माणसात पोचवा." आणि कुत्राही त्यांनी मागून घेतला. नवरा म्हणाला, इथं राखणीला लागेल की. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या दाराशी येतंय कोण, राखण करायला?" हे बोलणं त्याला लागलं. त्याच्याच कमाईचं, त्यानं एकेक वीट बघून बांधून घेतलेलं घर ते. तरी त्यानंच जायची सोय केली. एसटीत कुत्रं घेत नाहीत म्हणून भूमच्या बाजारला जाणारा ओळखीचा एक टेम्पो ठरवला. आत्या ड्रायव्हरशेजारी बसल्या, कुत्रा मागं कांद्याच्या पोत्यांमध्ये. कॉलनीतून टेम्पो निघाला तेव्हा समोरच्या घरातून वहिनींनी हात हलवला. ओरडून विचारलं, आजी, परत कधी? आत्यांनीही हात हलवला.

उन्हाळ्यात वहिनींच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला त्यांचे यजमान आले. मी कडीचा आवाज ऐकून बाहेर आले. ते फाटकाबाहेर उभे होते, पत्रिका हातात. म्हणाले, दोघांनी नक्की यायचं, आहेर आणायचा नाही, आशीर्वाद द्यायचे. मी म्हटलं, आत येऊन बसा, पाणी तरी घ्या.

"नको, नको," ते म्हणाले. "तुमचं कुत्रं फार वाईट भुंकतं हो."

अंगण रिकामं होतं. गोणपाट कधीच उचललेलं. कुत्र्याला जाऊन महिने लोटले होते, आणि हे रोज समोरून ये-जा करत होते. मी म्हटलं, "कुत्रा नाही आता. गावाला पाठवलाय."

"असं का?" ते म्हणाले. त्यांनी अंगणात इकडं तिकडं पाहिलं. मग पत्रिका माझ्या हातात न देता फाटकाच्या दोन गजांमध्ये खोचली, अजून पुष्कळ घरं फिरायचीत म्हणाले, आणि गाडीला किक मारली.

मला जायचं नव्हतं. नवरा म्हणाला, समोर राहायचंय, जावं लागतं. आम्ही गेलो. मंगल कार्यालय मोठं होतं, गर्दी होती. बुफे होता, त्यामुळं कोण कुणाशेजारी बसलं हा प्रश्न नव्हता. वहिनी पैठणीत फार छान दिसत होत्या. मला लांबून बघून त्या स्वतः पुढं आल्या, माझा हात धरला, माझ्या ताटात आपल्या हातानं जिलेबी वाढली, आग्रह केला. खरोखरच आनंदात होत्या. शेजारी त्यांची पुण्याहून आलेली बहीण उभी होती. तिला त्यांनी माझी ओळख करून दिली.

"या आमच्या समोरच्या मॅडम," त्या म्हणाल्या. "अगदी घरच्यासारखं येणं-जाणं आहे आमचं."

बहीण माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, आजकाल असे शेजारी कुठं मिळतात. मी ताट एका हातात घेतलं, दुसरा हात छातीशी नेऊन नमस्कार केला आणि हो म्हणाले.